दफ्तर, कुलूप आणि एक टिंब

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या एप्रिलमध्ये आम्ही छत्रपती संभाजीनगरहून दुबईला आलो. मुलगा इथल्या भारतीय शाळेत पाचवीत बसला. वार्षिक परीक्षेत बाकी सगळं ठीक, अरबीत मात्र काठावर पास. वर्गातली मुलं पहिलीपासून शिकतायत आणि हा आत्ता अलिफ, म्हणजे पहिलं अक्षर, गिरवतोय. शिवाय नैतिक-सामाजिक-सांस्कृतिक अभ्यासाच्या तासाला इथल्या सात अमिराती, म्हणजे या देशातली सात राज्यं, पाठ करून घेतल्या. मराठवाड्यातले आठ जिल्हे विचारले तर गप्प! चार वर्षांनी परतायचंच आहे, मग एवढा खटाटोप कशाला? – एक आई, दुबई

उत्तर : पहिल्याच वर्षी काठावर पास? अहो, पेढे वाटा!

अमिरातीतल्या खासगी शाळांत अरब नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीचं आहे, म्हणजे सुटका नाही. पण शाळांची तपासणी होते तेव्हा या मुलांचं अरबी इयत्तेवरून जोखत नाहीत, ती किती वर्षं शिकतायत त्यावरून जोखतात. तेव्हा बाईंना भेटा आणि सरळ विचारा, 'पहिल्या वर्षाच्या मानाने हा कुठे आहे?' पहिलीपासून शिकणाऱ्या शेजारच्या मुलाशी त्याची बरोबरी करू नका. शिकवणी तर इतक्यात लावूच नका.

मी शारजात अठरा वर्षं संसार केला. माझी लेक चौथीत असताना श्रुतलेखनाची वही घेऊन रडत आली होती. 'हे माझं घर' असं लिहायचं होतं. घर म्हणजे 'बैत', मुलगी म्हणजे 'बिन्त'. शब्दाच्या मध्ये आलं की अरबीतली काही अक्षरं सारखीच दिसतात, नुसता कंगव्यासारखा एक दाता. त्याच्याखाली दोन टिंबं दिली तर घर, वर एक दिलं तर मुलगी. हिने टिंब वर दिलं आणि दहाव्या वर्षी स्वतःला मुलगी करून घेतली! बाईंनी लाल शाईने गोल केला होता आणि शेजारी हसरा चेहरा काढला होता. मी तिला 'चिंता' आणि 'चिता' लिहून दाखवलं, तेव्हा कुठे रडं थांबलं.

तुमचा मुलगा अलिफपासून सुरुवात करतोय हे खरं, पण अगदी रिकाम्या हाताने नाही. त्याला म्हणावं, दफ्तर उघड. अरबीत 'दफ्तर' म्हणजे वही. वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहितो ती 'तारीख' तीच, 'कलम' तेच, गणिताचा 'हिशेब' तोच, हात धुवायचा 'साबण' थोडा लांबवला की 'साबून'. 'कुफ्ल'चं आपण उलटंपालटं करून कुलूप केलं. फ्रिजवर कागद लावा आणि रोज एक शब्द सापडला की लिहा. आमच्याकडे तो कागद दोनदा बदलावा लागला.

आता सात अमिराती. २ डिसेंबर १९७१ला संघराज्य झालं तेव्हा त्या सहाच होत्या, रास अल खैमा फेब्रुवारी १९७२मध्ये आली. संभाजीनगरच्या पोराला हे परकं का वाटावं? देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, मराठवाडा निजामाकडून सुटला १७ सप्टेंबर १९४८ला. ही गोष्ट त्याला कुणी सांगितली आहे का? अल ऐनच्या फलजांचा विषय निघाला, म्हणजे जमिनीखालून ओअ‍ॅसिसपर्यंत पाणी नेणारे पाट, तर वजीर मलिक अंबरची नहर आठवा, तीही जमिनीखालूनच पाणी आणणारी. तुमच्याच गावची आहे. आठ जिल्हे मात्र तुम्हीच शिकवायचे. ते दुबईच्या शाळेकडून कसे येणार?

प्रश्न : आम्ही मूळचे म्हसळ्याकडचे कोकणी मुसलमान, आता शारजात. मुलगी तिसरीत आहे. इस्लामिक स्टडीजच्या तासापासून तिने नवंच काढलंय : नमाजाआधी हातपाय धुतो तो 'वजू' नाही 'वुदू', 'रमजान' नाही 'रमदान'. परवा दादीला तोंडावर म्हणाली, 'तुझं चुकतं.' सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

उत्तर : दादीचं चुकत नाही, पोरीच्या बाईंचंही नाही. अरबीतलं ते अक्षर, 'दाद', फारसीत जाऊन 'झ' झालं आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे 'ज' होऊन आलं. 'नमाज' आणि 'रोजा' तर मुळातच फारसी. अरबीत ते 'सलात' आणि 'सौम', म्हणून पुस्तकात तिला ते सापडत नाहीत. तिलावतीत, म्हणजे कुराण म्हणताना, कोणता उच्चार करायचा ते तिच्या उस्तादांनी सांगावं, त्यात मी पडत नाही. घरात मात्र दादीचा शब्द चालू द्या, आणि 'चुकतं'बद्दल माफी आधी मागायला लावा.

मग तिला एक काम द्या. शाळेत कुराणातली नवीन सूरा (अध्याय) पाठ झाली की आधी दादीसमोर म्हणायची. अडली तर पुढचा शब्द दादीच देईल, हे मी पैजेवर सांगते.

आणि हो, पुस्तकी अरबीत 'च' नाही, म्हणून चहा तिथे 'शाय' आहे. तुमच्या शारजातले म्हातारे अरब मात्र खुशाल 'चाय' मागतात, आणि त्यांना तो मिळतोही.