आजोबा दिंडीत वेगळे का वागतात?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पंढरपूरच्या वारीतले लोणंद ते तरडगाव आणि तरडगाव ते फलटण असे दोन टप्पे आजोबांच्या दिंडीबरोबर चालून आल्यावर तू विचारलेस, की घरी चहाला दोन मिनिटे उशीर झाला तरी आवाज चढवणारे आजोबा दिंडीत एका कॉलेजातल्या मुलाच्या पाया कसे पडले, पाण्याच्या टँकरपाशी कोणी मध्ये घुसले तरी गप्प कसे राहिले, आणि या दोघांतले खरे आजोबा कोणते. फोनवर याचे उत्तर नीट देता येणार नाही, म्हणून न्यू जर्सीहून सविस्तर लिहिते आहे.

दोघेही खरेच आहेत. माणूस कसा वागतो हे त्याच्या स्वभावावर जितके अवलंबून असते, तितकेच तो कोणांत उभा आहे आणि त्या लोकांनी त्याला कोणती जागा दिली आहे यावर असते. घरात आजोबा कर्ते पुरुष आहेत. त्यांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे अशी सवय सगळ्या घरानेच त्यांना लावली आहे, त्यात आजीचा आणि माझाही वाटा आहे. दिंडीत ते टाळकऱ्यांच्या रांगेतले एक टाळकरी आहेत. तिथे त्यांचे निवृत्तीपूर्वीचे पद कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी त्यामुळे पंगतीत आधी वाढले जात नाही.

तू पाहिलेल्या त्या मुलाच्या गळ्यात वीणा होती, हे तू लिहिलेस खरे, पण त्याकडे तुझे पुरेसे लक्ष गेले नसावे. दिंडीत विणेकऱ्याचा मान मोठा. भजन चालू असताना गळ्यातली वीणा खाली ठेवायची नाही असा रिवाज आहे. विणेकरी थकला तर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतात, आणि त्या वेळी देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणाराही देणाऱ्याच्या पाया पडतो. त्यात वय पाहत नाहीत. तुकोबांच्या अभंगात वाळवंटात खेळणारे वैष्णव क्रोध आणि अभिमान पायाखाली घालून एकमेकांच्या पायी लागतात. आजोबा ते अभंग लहानपणापासून म्हणत आले आहेत आणि दिंडीत तेच अंगाने करून दाखवण्याची संधी रोज मिळते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दिवसातून अनेकदा वाकायला लावणारी दुसरी कोणती जागा मला माहीत नाही, आणि मला ती फार मोलाची वाटते.

हे सगळे केवळ भक्तीच्या भरात होते असे मात्र समजू नकोस, त्यामागे काटेकोर बांधणी आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, आणि ज्ञानोबांच्या पालखीला आजचे रूप हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास दिले. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे लष्करी शिस्त त्यांच्या अंगात होती, आणि ती सोहळ्यात उतरली. पालखीच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी अधिक, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. दिंडीतही पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि मागे तुळस घेतलेल्या बाया. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे तेही ठरलेले असते. म्हणूनच तुला शेजारच्या दिंडीत जाऊन चालू दिले नाही. तुला ते जाचक वाटले, पण ज्या दिंडीची भिशी, म्हणजे जेवणामुक्कामाची वर्गणी, भरली, तिथेच तुझे जेवण, तंबूतली जागा आणि तुझी काळजी असते. रात्री तू परतली नाहीस तर शोधायला निघणारी माणसेही तीच. लाखोंच्या गर्दीत आपल्याला मोजणारे कोणी आहे हे ठाऊक असले, की माणूस पाण्याच्या रांगेत धीर धरू शकतो.

संध्याकाळची समाज आरती तू पाहिलीस का, ते लिहिले नाहीस. माझ्या मते संपूर्ण वारीत पाहण्यासारखी गोष्ट ती आहे. मुक्कामी पोचल्यावर साऱ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, आणि सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार आपला दंड उंच करतात. क्षणात सगळे शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवणे थांबवत नाही. एवढ्या शांततेत तो एकच आवाज उठून दिसतो. चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात आणि त्याची दखल घेतली जाते. त्यानंतर हरवले-सापडल्याची आणि उद्याच्या प्रस्थानाच्या वेळेची घोषणा होते, मग आरती. तक्रार करणाऱ्याला भांडावे लागत नाही, आणि त्याला गप्पही बसवत नाहीत. लहानपणी मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्या शाळेत असे का नसावे, असे मला वाटले होते. आजोबा टँकरपाशी गप्प राहू शकतात याचे एक कारण हेही आहे, की आपले म्हणणे ऐकणारी जागा आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आता जे तुला कोणी सांगितले नसेल, तेही लिहिते, कारण आपल्या माणसांविषयीचे प्रेम अर्धवट माहितीवर उभे राहू नये असे मला मनापासून वाटते. आपली दिंडी म्हटले की जो जिव्हाळा येतो, त्याबरोबर ‘आपले’ कोण आणि कोण नाही ही रेघही येते. गेल्या शतकाच्या मध्यावर समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र गात-चालत आणि जेवायला वेगळे बसत, याची खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. चौदाव्या शतकातल्या चोखोबांचे अभंग सगळे वारकरी गातात, त्यांची समाधी मात्र पंढरपूरच्या देवळाच्या आत नाही, महाद्वारासमोर आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या त्यांच्या समाजाला ते देऊळ खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. एकमेकांच्या पाया पडणारी माणसेच हे इतकी शतके चालू देत होती. त्यांना आपले वागणे विसंगत वाटत नसे, कारण आजूबाजूचे सगळे तसेच वागत होते. समूह माणसाला मऊ करतो तसाच आंधळाही करू शकतो, आणि आतल्या माणसाला ते सहसा बाहेरच्याने दाखवावे लागते. तू दिंडीत पाहुणी होतीस. म्हणून पंगतीत कोण कुठे बसते, बायांना वीणा मिळते का, असे काही तुझ्या नजरेस आले असेल तर ते आजोबांना जरूर विचार. ते रागावणार नाहीत, निदान वारी संपेपर्यंत तरी नाहीत.

वारीनंतर ते पुन्हा चहावरून चिडतील का? बहुधा चिडतील. तीन आठवड्यांत बदललेले वागणे घरच्या खुर्चीत बसले की बरेचसे जुन्या वळणावर जाते. नाती मात्र तशी विरत नाहीत. आजीच्या ऑपरेशनच्या वेळी रुग्णालयात रात्री बसायला आले ते दिंडीतले लोक होते. आमच्या काकांच्या अंत्ययात्रेत टाळ-मृदंग घेऊन पुढे चालले ते दिंडीतलेच. त्यांतल्या कित्येकांचे आडनावसुद्धा आजोबांना सांगता येणार नाही, एकमेकांना ते ‘माउली’ एवढेच म्हणतात.

पुढच्या वर्षी पूर्ण वारी चालायची असे तू म्हणतेस, तर दिंडीप्रमुखांना आत्ताच कळवायला आजोबांना सांग. नाव लागले की तुला कामही मिळेल, बहुतेक पंगतीत वाढण्याचे किंवा सकाळी तंबू आवरण्याचे. ते चुकवू नकोस.

तुझी
आई