स्पेलिंग सेम, मग अर्थ वेगळा कसा?

प्रश्न : हिंदीत ‘अच्छी शिक्षा’ म्हणजे चांगलं शिक्षण आणि आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. तसंच हिंदीत खाली म्हणजे रिकामं आणि मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. लिहायला अगदी सेम, मग यात बरोबर कोण आणि चुकलं कोण?

उत्तर : चुकलं कुणीच नाही. पण ही दोन उदाहरणं तुम्ही एकत्र विचारलीत ते बरं झालं, कारण दिसायला सारखी असली तरी दोन्हीची गोष्ट पूर्ण वेगळी आहे.

शिक्षा हा दोन्हीकडे एकच शब्द. संस्कृतात शक् म्हणजे जमणं, समर्थ असणं आणि त्याचं इच्छार्थक रूप शिक्ष्, म्हणजे ‘आपल्याला हे जमावं’ असं वाटणं, किती सुंदर आहे बघा, शिकण्याच्या मुळाशीच इच्छा आहे! सहा वेदांगांपैकी उच्चारांचं शास्त्र आहे त्याचं नावही शिक्षा. हिंदीने शिकण्याचा अर्थ धरून ठेवला, मराठीत तो शिकवणं, मग वळण लावणं, असं करत दंडापर्यंत गेला. आपण अजूनही ‘थांब, चांगला धडा शिकवतो’ म्हणतो तेव्हा तो धडा पुस्तकातला नसतोच ना. राग पण तसाच, रंज् म्हणजे रंगणं, त्यातून रंग, अनुराग, गाण्यातला राग आणि आपला लालबुंद करणारा राग, बंगालीतही राग म्हणजे संतापच.

खालीचं मात्र तसं नाही. हिंदीतला खाली अरबीतून आलाय आणि आपल्या खालीचं गोत खाल, खालचा, खालून असं आहे. दोन वेगळे शब्द, फक्त ध्वनी जुळले. मी तर नेहमी हेच करते, संशय आला की त्या शब्दाचे नातेवाईक शोधायचे, लगेच उलगडा होतो.

आणि यासाठी दुसऱ्या भाषेत जायलाच हवं असंही नाही. काम म्हणजे इच्छा हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला तत्सम शब्द, पण आपण रोज करतो ते काम कर्म, कम्म, काम असं झिजत आलंय, जसं चर्मचं चाम झालं.

माझा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे बस. ‘इथे बस’ मधला आपला बसणे, ‘आता बस!’ मधला फारसी, म्हणजे पुरे, आणि रस्त्यावरची बस लॅटिन ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सगळ्यांसाठी’ याचं शेपूट. म्हणजे बस हा मुळात शब्दच नव्हता, नुसता चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय होता! आणि तो ‘बुस’ आपण शाळेत पाठ केलेल्या ‘देवेभ्यः’ मधल्या भ्यः चा भाऊबंद आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होते.

प्रश्न : मी जर्मन शिकतेय. गिफ्ट म्हणजे तिथे विष, हे इंग्रजी गिफ्टपेक्षा वेगळंच मूळ असणार ना?

उत्तर : नाही हो, मूळ एकच, देणं. जर्मनमध्येही गिफ्ट आधी देणं याच अर्थाने होतं, हुंड्यासाठीच्या ‘मिटगिफ्ट’ या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. पण ग्रीक ‘दोसिस’ म्हणजे देणं, औषधाची मात्रा, ज्यावरून आपला डोस आला, त्याच्या धर्तीवर जर्मनमध्ये गिफ्ट वापरायला लागले, आणि ‘काहीतरी दिलं’ म्हणजे विष दिलं इथपर्यंत तो घसरला. स्वीडिशमध्ये तर याच स्पेलिंगचा एक अर्थ विष आणि दुसरा विवाहित. तो दुसरा पण देण्यातूनच आलाय, आपण नाही का विचारत, ‘मुलगी कुठे दिली?’