वाचकांचे प्रश्न : आवृत्तीचा आकडा बदलला, आतला माल मात्र तोच

प्रश्न : परभणी येथील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल मी करतो. सर्व यंत्रांवर निक्स (पाककृतींवरून, म्हणजे लिहिलेल्या सूचनांवरून, सॉफ्टवेअर बांधणारा पॅकेज-व्यवस्थापक) आहे. सोयाबीनखालील क्षेत्र उपग्रहचित्रांवरून मोजणारी आमची एक जुनी पायथन स्क्रिप्ट जीडाल या नकाशा-चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर चालत नाही, म्हणून मी पाककृतीतले रकाने बदलणारे ‘ओव्हरराइड-ॲट्रस’ वापरून ‘व्हर्जन’समोरचा आकडा जुन्या आवृत्तीचा केला. बांधणी विनातक्रार झाली आणि पॅकेजच्या नावातही जुना आकडा दिसू लागला. परंतु ‘जीडालइन्फो’ला आवृत्ती विचारली की ते नवीच सांगते. पुढे हाच बदल ओव्हरलेमध्ये (सगळ्या पॅकेज-संचाला लागू होणाऱ्या बदलांच्या थरात) टाकला, तर क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरसह कितीतरी पॅकेजे रात्रभर बांधली जात राहिली आणि पहाटे वीज गेली. माझे नेमके काय चुकले?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपण पिशवीवरची चिठ्ठी बदलली, बियाणे बदलले नाही. जेएस ३३५ या सोयाबीन वाणाच्या पिशवीला एमएयूएस ७१ या दुसऱ्या वाणाची चिठ्ठी लावली तरी उगवणार जेएस ३३५ च, आणि येथेही तसेच झाले आहे.

निक्समध्ये सोर्स (मूळ कोड) उतरवून आणण्याच्या पायरीला स्टोअरमध्ये (निक्सच्या साठ्यात) जो पत्ता मिळतो, तो यूआरएलवरून ठरत नसून त्या सोर्सचे नाव आणि आपण आधीच लिहून ठेवलेला हॅश (आशयावरून काढलेला ठसा) यांवरून ठरतो. गिटहबवरून आणलेल्या सोर्सचे नाव सहसा नुसते ‘सोर्स’ असते. आपण आकडा बदलल्यामुळे यूआरएल बदलली असेलही, पण हॅश जुनाच राहिला. त्या हॅशची वस्तू स्टोअरमध्ये किंवा बायनरी कॅशमध्ये (तयार वस्तूंच्या सर्व्हरवर) हजर असल्याने निक्सने ती मुकाट्याने उचलली आणि नव्या यूआरएलकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती वस्तू हाताशी नसती, तर डाउनलोड होऊन हॅश जुळत नसल्याची चूक तरी दिसली असती. काही पाककृती ‘रेक’ पद्धतीने लिहिलेल्या असतात, म्हणजे त्यांतले रकाने एकमेकांना आतूनच वाचतात. त्यांत तर बाहेरून ‘व्हर्जन’ बदलल्याने यूआरएलसुद्धा हलत नाही.

म्हणून ‘व्हर्जन’बरोबर संपूर्ण ‘एसआरसी’ (सोर्स कोठून आणायचा तो रकाना) पुन्हा लिहावा आणि हॅशच्या जागी रिकामे अवतरण ठेवावे. बांधणी अडेल आणि खरा हॅश त्रुटी सांगणाऱ्या संदेशातच मिळेल. तो तेथून उचलून भरावा. मात्र संदेशातला हॅश डोळे झाकून चिकटवण्यापूर्वी यूआरएल एकदा वाचून पाहावी, कारण चुकीच्या फाइलचा हॅशही तितक्याच निष्ठेने जुळतो. गो किंवा रस्टमधील पॅकेज असेल, तर त्याच्या अवलंबित लायब्ररींचा ‘व्हेंडर-हॅश’ अथवा ‘कार्गो-हॅश’ वेगळा असतो आणि तोही बदलावा लागतो. नव्या आवृत्तीसाठी लावलेले पॅच जुन्या सोर्सला बसत नाहीत, ते गाळावे लागतात. नुसते ‘ओव्हरराइड’ या कामाचे नाही, हेही येथेच सांगतो : ते पॅकेजला बाहेरून मिळणाऱ्या गोष्टी बदलते, म्हणजे एखादी लायब्ररी किंवा जीडालमधील ‘यूज-मिनिमल-फीचर्स’सारखी खूण, पाककृतीच्या आतले रकाने ‘ओव्हरराइड-ॲट्रस’च्या अखत्यारीत येतात.

इतके केल्यावरही मी आपल्याला हा मार्ग सुचवणार नाही. जुना जीडाल आजच्या प्रोज (नकाशा-प्रक्षेपणाची लायब्ररी) आणि आजच्या कंपायलरबरोबर बांधायचा म्हणजे एकामागून एक पॅच शोधत बसणे आले. त्यापेक्षा निक्सपीकेजीएस या पाककृतींच्या भांडाराच्या ज्या कमिटमध्ये (नोंदलेल्या अवस्थेत) ती आवृत्ती होती, तोच कमिट दुसरा इनपुट म्हणून घ्यावा. तेथील पॅकेज त्या काळच्या सोबत्यांसह बहुधा बायनरी कॅशमध्ये तयार मिळते आणि आपल्या यंत्राला काही बांधावे लागत नाही. डिस्कवर दुसरी जीलिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) येईल आणि सुरक्षेच्या जुन्या चुकाही तशाच येतील. प्रयोगशाळेतल्या एका स्क्रिप्टसाठी मला हा सौदा मान्य आहे. पथ्य एवढेच, की पायथनसुद्धा त्याच जुन्या कमिटमधून घ्यावा, कारण जुन्या जीडालचे बाइंडिंग (पायथनशी जोडणारा दुवा) नव्या पायथनमध्ये घातल्यास दोन काळांच्या लायब्ररी एकाच प्रक्रियेत भिडतात.

ओव्हरलेबाबत. ओव्हरले संपूर्ण संचातला जीडाल बदलतो, आणि उतरवलेले सोर्स सोडल्यास स्टोअरमधील प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यात त्याच्या साऱ्या घटकांचा हिशेब असल्याने जीडालवर विसंबलेल्या प्रत्येक पॅकेजचा पत्ता बदलतो. कॅशमध्ये तो नवा पत्ता नसतो, म्हणून सगळे घरीच बांधावे लागते. आपली गरज एका स्क्रिप्टपुरती आहे, तेव्हा बदलही तिच्या डेव्ह-शेलपुरता (त्या कामाच्या स्वतंत्र वातावरणापुरता) ठेवावा आणि क्यूजीआयएसला त्याचा वाराही लागू देऊ नये. वीज गेल्याचे फार मनावर घेऊ नका : जी पॅकेजे पूर्ण झाली होती ती स्टोअरमध्ये शाबूत आहेत, जे अर्धवट होते तेवढेच पुन्हा पहिल्यापासून बांधले जाईल.

प्रश्न : निक्ससारख्याच गीक्स या पॅकेज-व्यवस्थापकात हेच काम कसे करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आज्ञेतच ‘विथ-सोर्स’ हा पर्याय देऊन दुसरा सोर्स लावता येतो आणि त्यासाठी हॅश लिहावा लागत नाही. जुन्या आवृत्तीसाठी मात्र ‘टाइम-मशीन’ला जुना कमिट देऊन त्यातच शेल उघडणे अधिक निर्वेध असते. ‘विथ-ग्राफ्ट’ने बांधणी टळते म्हणून कोणी तो सुचवेल, पण हा पर्याय तयार पॅकेजांतले नुसते संदर्भ बदलतो, त्यामुळे दोन आवृत्त्यांचा बायनरी इंटरफेस (बांधलेल्या कोडचे एकमेकांशी जोडण्याचे रूप) तंतोतंत जुळत असेल तरच वापरावा. जीडालच्या दूरच्या आवृत्त्यांत तो तसा जुळत नाही.