एअर सस्पेन्शनची एसयूव्ही रात्रीतून एका कोपऱ्याला बसते. कॉम्प्रेसर बदलावा का?

कॉम्प्रेसर एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड घेतलेली गाडी आधीच्या मालकाने उंचीच्या सेन्सरची लिंक (छोटा दांडा) बदलून खाली घेतलीय, रोज सकाळी मागची उजवी बाजू टेकलेली असते आणि स्टार्ट केली की हळूहळू उठते. उठतेय ना? मग बलूनमध्ये (स्प्रिंगऐवजी असलेल्या हवेच्या रबरी पिशव्यांत) हवा भरणारा कॉम्प्रेसर जिवंत आहे, हवा दुसरीकडून जातेय. मी सोलापुरात सस्पेन्शनचंच काम करतो. गळती तशीच ठेवून बसवलेला नवा कॉम्प्रेसरही जळतो, कारण तो सतत चालण्यासाठी बनवलेला नसतो.

आज रात्री गाडी सपाट जागी लावा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी परत मोजा. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा पारा ४० च्या वर जातो, पहाटे हवा गार होऊन आकसते, त्यामुळे चारही कोपरे सारखेच किंचित उतरले तर घाबरू नका. एकच कोपरा उतरला तर दोष बहुधा त्या बलूनमध्ये, त्याच्या नळीत किंवा जोडात. पुढची किंवा मागची दोन्ही चाकं एकदम बसली तर व्हॉल्व्ह ब्लॉक (बलूनकडे जाणारी हवा सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्हचा संच) तपासायचा.

नंतर साबणाचं पाणी. बलूनचं रबर खाली पिस्टनवर (बलूनच्या बुडाच्या नळकांड्यावर) दुमडलेलं असतं आणि गाडी वर-खाली होते तशी ती घडी सरकते. त्या घडीवर फवारा मारून बॅटरीच्या उजेडात नीट बघा. आधी काहीच दिसत नाही, मग केसाएवढ्या भेगेतून बारीक फेस हळूहळू फुगायला लागतो. गाडी उंच केल्यावर हीच भेग कधीकधी मिटते, म्हणून रोज असते त्या उंचीवरच तपासा. बलूनवर ॲल्युमिनियमचं कव्हर असेल तर फेस कव्हरच्या कडेने येतो. गाडीखाली जाताना मात्र घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय जाऊ नका. हवा कधीही सुटू शकते आणि तेवढं वजन अंगावर येतं.

आता लिंकबद्दल. लिंकची लांबी बदलली की लेव्हल सेन्सर फसतो आणि कंट्रोल युनिटला खालचीच उंची बरोबर वाटते. घडी मग कायम नको त्या जागी राहते, रबर तिथेच मोडत राहतं, आणि खालची हालचालच संपल्यामुळे प्रत्येक स्पीडब्रेकरला सस्पेन्शन बंप स्टॉपवर (हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळतं. चाकं आत कलून टायरची आतली कड झिजते ती वेगळीच. धुळीपासून वाचवणारं रबरी बूट फाटलेलं असेल तर आपल्या रस्त्यांवरची बारीक कचही त्या घडीत शिरते. गाडी लो दिसते छान, हे मान्य. पण इथल्या रस्त्यांवर ती तशी ठेवणं मला अजिबात पटत नाही.

बलून बदलायचे तर मागचे दोन्ही एकदम बदला, दुसऱ्यानेही तेवढंच सोसलंय. नवा बसवल्यावर त्यात हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन चाकांवर टेकवू देऊ नका, नाहीतर पहिल्याच दिवशी रबर चिमटतं. फिटरसमोर उभे राहा आणि हे स्वतः बघा. मूळच्या लिंक परत लावून स्कॅनरवर चारही कोपऱ्यांची उंची कॅलिब्रेट करून घ्या, त्यानंतर अलाइनमेंट. एवढं झाल्यावरही गाडी उठायला वेळ लावत असेल, तर कॉम्प्रेसर बदला, आणि तेव्हा त्याचा रिले (त्याला करंट देणारा स्विच) व ड्रायरही (हवेतला ओलावा शोषणारा भाग) नवाच टाका.