कंबरेवरचं पिस्तूल रात्री कुठे ठेवणार?

टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळच्या केटीहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. प्रश्न पाच आहेत. मी एकावरच बोलणार, बाकीचे शेवटी उरकते. नाव छापू नका म्हणालेत, तेव्हा त्यांना केटीकर म्हणू.

केटीकर लिहितात: "गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. आमच्या सबडिव्हिजनमधली दोन भारतीय घरं फुटली, दोन्हीकडचं सोनं गेलं. ओलेथची घटना अजून डोक्यातून जात नाही. टेक्सासमध्ये आता परवानाही लागत नाही. चारचौघांना दिसेल असं पिस्तूल कंबरेला लावलं, तर कोण कशाला वाटेला जाईल? हिचा मात्र ठाम विरोध. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजन करतातच ना?"

करतात हो. आमच्याकडे दसऱ्याला विळी, माझं शिवणाचं मशीन आणि ह्यांचा ड्रिलचा डबा पाटावर मांडतात. झेंडूचं फूल वाहिलं म्हणून कुणी ड्रिल कंबरेला लावून एचईबीत किराणा आणायला जात नाही. हा मुद्दा वहिनींपुढे पुन्हा काढू नका, हराल.

ओलेथचं मात्र हसण्यावारी नेणार नाही. २०१७च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथला एका वंशद्वेष्ट्याच्या गोळीने श्रीनिवास कुचिभोतला गेला, तेव्हा आपल्यातल्या प्रत्येक घरात दोन रात्री कुणी नीट झोपलं नव्हतं. पण तो प्रसंग घडला कुठे ते आठवा: ऑफिस सुटल्यावर मित्र बसतात तशा बारमध्ये. टेक्सासमध्ये जिथली निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूची असते, त्या जागेच्या दारावर लाल अक्षरात ५१ टक्क्यांची पाटी असते, आणि तिथे पिस्तूल न्यायलाच बंदी आहे. म्हणजे ज्या प्रसंगाच्या धास्तीने तुम्ही हे घेणार, तसल्या जागी ते तुमच्याजवळ नसणारच.

आता कायदा. १ जानेवारी २०१६ पासून टेक्सासमध्ये परवानाधारकांना पिस्तूल उघड लावता येऊ लागलं. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ पूर्ण झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवानाही लागत नाही, दिसणारं पिस्तूल होल्स्टरमध्ये हवं एवढंच. इथवर तुमची माहिती बरोबर. पण केंद्राचा कायदा शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई करतो, आणि त्यातून सुटका राज्याचा परवाना असलेल्यांना मिळते. तुमच्या सबडिव्हिजनमध्ये प्राथमिक शाळा असेलच. जेवण झाल्यावर शतपावलीला निघालात आणि शाळेच्या कुंपणाशी पोचलात, की टेक्साससाठी सज्जन, केंद्रासाठी गुन्हेगार. ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, तर तेवढ्यावरून देशाबाहेर काढता येतं. पंधरा-पंधरा वर्षं रांगेत उभं राहून मिळवलेलं कार्ड हो ते! तेव्हा लागत नसला तरी परवाना काढा. चार ते सहा तासांचा वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा, एवढंच तर आहे.

फायदा काहीच नाही असं मी म्हणणार नाही. माझे धाकटे दीर पश्चिम टेक्सासमध्ये मोटेल चालवतात. रात्री दोन वाजता काउंटरवर एकटे. ते उघडच लावतात. त्यांचं म्हणणं, शर्टाखाली लपवलं की उकाड्यात घामाने जीव जातो, बसता-उठता टोचतं, आणि वेळ आली तर हात लवकर पोहोचत नाही. पिऊन हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर एकदा त्यांच्या कंबरेकडे गेली की आवाज खाली येतो, हे मी स्वतः पाहिलंय. आसपास मैलभर कुणी नाही आणि पोलीस यायला वेळ लागतो, तिथे त्यांचं बरोबर असेल.

तुमचं ऑफिस मात्र एनर्जी कॉरिडॉरमध्ये आहे, केटीकर. तिथे कुणाचा आवाज खाली आणायचाय? उलट ज्याला काही करायचंच आहे, त्याला पहिलं कुणाला गाठायचं ते तुम्ही लांबूनच दाखवून ठेवलंत. गर्दीत मागून कुणी हिसकावलं, तर साध्या होल्स्टरला ते धरून ठेवणारा खटकाही नसतो. आणि गोंधळ उडालाच तर पोलिसांनी तुम्हाला कोण समजायचं? जुलै २०१६ मध्ये डॅलसच्या मोर्चात गोळीबार होऊन पाच पोलीस गेले. त्या मोर्चात कायदेशीरपणे रायफल खांद्याला लावून आलेल्या एका माणसाचा फोटो खुद्द पोलिसांनी संशयित म्हणून जगभर पसरवला. त्याचा काहीएक संबंध नव्हता. तो आपणहून पोलिसांकडे गेला, म्हणून निभावलं. आपल्या रंगाच्या आणि आपल्या उच्चारांच्या माणसाने अशा वेळी किती चटकन आणि किती स्पष्ट बोलायचं, याचा विचार करून बघा.

हे सगळं एकीकडे. माझा खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि मला पिस्तुलाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी तो विचारते. कंबरेवरून काढल्यावर ते कुठे ठेवणार?

दिवसातून ते अंगावर राहणार दोन-तीन तास. एचईबीत उघड चालत नाही. एल पासोच्या गोळीबारानंतर २०१९ मध्ये वॉलमार्ट आणि क्रोगरनेही गिऱ्हाइकांना उघड आणू नका अशी विनंती केली. ज्या दुकानाच्या किंवा देवळाच्या दारावर ३०.०७ची पाटी असेल, तिथे उघड नेलं तर तो गुन्हा. पोस्टात तर पार्किंगमध्येसुद्धा नाही. म्हणजे दर थांब्याला गाडीत बसून ते काढा, सीटखाली सरकवा, परत येऊन लावा. गाडीची काच फोडणाऱ्याला लॅपटॉपपेक्षा मोठं घबाड मिळालं. बाकीचे वीस तास घरात. आणि घर कसलं? तुमच्याच पत्रातली वाक्यं तुम्हाला परत वाचून दाखवते.

"भाचा यूएचला शिकायला आलाय, आमच्याकडेच राहतो." केटीकर, भाचा एफ-१ वर आहे. विद्यार्थी असो, एच-१बी असो की पाहुणा, तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला केंद्राचा कायदा बंदूकच काय, गोळीसुद्धा जवळ ठेवू देत नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. आणि ताबा म्हणजे हातात धरणं एवढंच कायदा मानत नाही. हात पोहोचतो, हवं तेव्हा घेता येतं, एवढ्यावरूनही ताबा ठरू शकतो. हॉलच्या ड्रॉवरमध्ये उघडं ठेवलेलं पिस्तूल म्हणजे भाच्याच्या शिक्षणाशी जुगार. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद कायद्यात आहे खरा. त्याच्या भरवशावर राहायचं असेल, तर आधी वकिलाची फी भरा.

"मेमध्ये आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत." अहो, आई येणार! तुमची आई आठवड्याच्या आत घरातलं कुठलं कपाट उघडायचं ठेवणार आहे? आमच्याकडचं सांगते. हेच मोटेलवाले दीर एका गणपतीला आले. माणूस वक्तशीर, परवानाधारक, न चुकता सराव करणारा. माझ्या घरात सेफ नाही, म्हणून त्यांनी होल्स्टरसकट पिस्तूल फ्रिजच्या वर, मागच्या बाजूला ठेवलं, चाळणीआड. सासूबाई नुकत्याच साताऱ्याहून आल्या होत्या. मोदकपात्र शोधायला स्टुलावर चढल्या आणि ते काळं पाकीट दोन बोटांत धरून बैठकीत आल्या. "हे मिक्सरचं काय गं?" खाली सतरंजीवर चार पोरं दूर्वा निवडत होती. माझा मुलगा म्हणाला, "आजी, खाली ठेव. माझ्याकडे करू नकोस." आठ वर्षांचा होता तेव्हा, आणि खोलीत बोलायचं सुचलं ते फक्त त्याला. दीर तिथल्या तिथे पांढरे पडले. त्या दिवसापासून ते आमच्याकडे येताना लोखंडी पेटी घेऊन येतात.

आणि तुमचं तिसरं वाक्य. ते तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत: "मुलगा पंधराचा आहे, हल्ली खोलीबाहेर येत नाही, विचारलं की चिडतो, रविवारची मराठी शाळाही सोडली." मी ते वाक्य तीनदा वाचलं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून जास्त आत्महत्या असतात. २०२१ मध्ये ४८,८३० मृत्यू झाले, त्यात २६,३२८ आत्महत्या. पोरांच्या डोक्यात येणारा असला विचार पुष्कळदा टळतो, ओसरतो, पोर सावरतं. हाताशी बंदूक असली की सावरायला सवड उरत नाही. तुमचा मुलगा त्या वाटेवर आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक पंधराचीच लक्षणं आहेत. पण तो नीट बोलायला लागेपर्यंत घरात पिस्तूल आणायचं नाही, हे मी सांगतेय आणि वहिनीही तेच सांगतायत. त्याला घेऊन गाडीत फिरा, समोरासमोर बसवून चौकशी करू नका. डॉक्टरांच्या कानावर घाला. जास्तच वाटलं तर ९८८ या आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला तुम्हीही फोन करू शकता.

त्यानंतरही घ्यायचंच असेल, तर सेफ आधी, पिस्तूल नंतर. जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने आवळलेली सेफ, गोळ्या वेगळ्या कुलपात. कोड म्हणून मुलाची जन्मतारीख नको, तुमच्या लग्नाचीही नको, ती त्यालाही पाठ आहे. किल्ली देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये नको, कारण आपल्या प्रत्येक घरातली किल्ली तिथेच असते आणि हे चार वर्षांच्या पोराला कळतं. सतरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल निष्काळजीपणाने लागू दिलं, तर टेक्सासमध्ये तो पालकाचा गुन्हा आहे.

आता उरलेलं. ऑफिसची मंडळी नेमबाजीच्या रेंजवर नेतात, भाच्यालाही न्यावं का? नेऊ नका, भाड्याचं पिस्तूल हातात घेतलं तरी तो ताबाच. रेंजची बॅग घेऊन भारतात जाऊ का? मुळीच नको. तळाशी एक काडतूस राहिलं आणि मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा. पुढे कोर्टात सुटालही, सुट्टी मात्र गेली. शेजारी म्हणतो एकाच दुकानातून दोघांनी मिळून घेऊ: त्याचं त्याने घ्यावं.

राहिलं सोनं. ते बँकेच्या लॉकरमध्ये टाका, आणि वहिनींचा तोडे-पाटल्या घातलेला दिवाळीचा फोटो दारावरच्या घरनंबरासकट फेसबुकवर आहे, तो आज रात्रीच काढा.