झोपेच्या गमी आणि सीबीएन

प्रश्न: मुलगी न्यूजर्सीला असते, तिकडे झोपेसाठी सीबीएनच्या गमी, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, मिळतात, येताना आणू का विचारतेय. हे असतं काय?

उत्तर: ताई, आधीच सांगते, नका मागवू. सीबीएन म्हणजे कॅनाबिनॉल. गांजाला हवा-उजेड लागून तो जुना झाला की त्यातल्या नशेच्या टीएचसीचं हळूहळू हेच होतं. 1896 मध्ये केंब्रिजच्या केमिस्टांनी आपल्याकडच्याच चरसातून ते काढलं होतं बरं का! जुन्या गांजाने झोप येते या समजावर कंपन्यांनी बाजार मांडलाय, पुरावा मात्र तोकडाच, त्यात कित्येक गमीत मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरकही घातलेलं, मग झोप नक्की कशाने लागली कसं कळणार? शिवाय काहींत टीएचसीही असतं आणि इथे 1985 चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, कस्टमवाल्यांसमोर मुलीला कशाला उभं करताय?