मोबाईल बंद केलास, पण डोळ्यांचं प्रेशर मोजलंस का?

"ताई, मी देवगडकडची, वय 44. घरची हापूसची कलमं आहेत, पेट्या आम्ही थेट गिऱ्हाईकाला पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, पत्ते, पैसे आले की नाही, सगळं मीच बघते, सीझनला रात्री बारा-साडेबारापर्यंत मोबाईल हातात असतो. वर्षभर झालं, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, जवळचं अक्षर धूसर दिसतं, मोबाईल लांब धरावा लागतो. माझे बाबा काचबिंदूने जवळजवळ आंधळे झालेत, आता माझ्याकडेच असतात. सुरुवातीला त्यांच्या पायाने बाजूला ठेवलेला तांब्या सारखा उडायचा आणि आई 'जरा बघून चाला' म्हणून ओरडायची. आता माझंही तसंच होणार असं वाटतं. मी ब्लू लाईटचा चष्मा मागवला, व्हॉट्सअ‍ॅप दोनदा काढून टाकलं, त्यात ऑर्डरी चुकल्या, नवऱ्याशी भांडणं झाली. रोज रात्री एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी वाचून बघते, वाचता आली की मगच झोप लागते. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मोबाईल पूर्ण सोडला तर माझे डोळे वाचतील का?"

बाय गो, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या तांब्यापाशी अडकले. तुझे बाबा बघूनच चालत होते गं. त्यांना तांब्या दिसतच नव्हता.

काचबिंदू असाच येतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी जी नस असते ती हळूहळू मरत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातलं प्रेशर वाढल्यामुळे, आणि नजर जायला लागते ती कडेकडेने. समोरचं माणूस दिसतं, पेपर वाचता येतो, सुईत दोरासुद्धा ओवता येतो, पण बाजूचा तांब्या, उंबरठा, कडेने येणारी स्कूटर हे कधी नाहीसं झालं ते कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही. त्यात एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा सांभाळून घेतो आणि मेंदू मधली गाळलेली जागा स्वतःच भरून टाकतो, त्यामुळे तिथे काळं वगैरे काही दिसत नाही. म्हणून वर्षानुवर्षं माणसाला पत्ता लागत नाही आणि घरचे म्हणतात धांदरट झालाय.

आता तुझी ती रोज रात्रीची तिथी. एक डोळा झाकून, मान सरळ ठेवून, तू नेमकी मधली नजर तपासतेस, म्हणजे काचबिंदूत जी शेवटी जाते तीच. वाचता आलं म्हणून सगळं ठीक असं त्यातून कळत नाही आणि एखाद्या रात्री दमून अक्षर फुटलं तर सगळं संपलं असंही कळत नाही. ती तपासणी आज रात्रीपासून बंद कर. भीती तेवढी रोज ताजी होते, दुसरं काही मिळत नाही तिच्यातून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. मोबाईल सोडून काचबिंदू टळत नाही, आणि मोबाईलने तो झाला असंही कुठे सिद्ध झालेलं नाही. मला काय वाटतं सांगू, भीती बाबांच्या डोळ्यांची आहे आणि तू ती मोबाईलवर काढलीस. साहजिक आहे, मोबाईल हातातला आहे, बंद करता येतो, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण ह्या वर्षभरात तू चष्मा मागवलास, अ‍ॅप काढलंस, भांडलीस, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्याचं अख्ख्या पत्रात एक अक्षर नाही. मी शोधलं गो, खरंच शोधलं.

हे मी इतकं जीव तोडून का लिहितेय तर माझी काकू. गुहागरकडची. तिला दिसायचं कमी झालं तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की मोतीबिंदू आहे, पिकू दे, मग ऑपरेशन करू. मध्ये एकदा तिला चष्म्यासाठी नेलं तर तिथे नंबर काढला, चष्मा दिला, प्रेशर कुणी मोजलंच नाही आणि आम्हीही विचारलं नाही कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. पुढे कळलं की मोतीबिंदू होता आणि त्याच्या मागे काचबिंदूही होता. मोतीबिंदूत धूसर झालेली काच बदलता येते, नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखता येते फक्त. मोतीबिंदू पिकायची वाट बघण्यात आमची दोन वर्षं गेली, ते मला आजही बोचतं. म्हणून सांगते, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे.

आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल तर आपल्याला धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हे खरं आहे, तुला खोटा धीर देणार नाही. पण धोका जास्त म्हणजे होणारच असं नाही, आणि झाला तरी लवकर सापडला तर रोजच्या थेंबांवर, कधी लेझरवर, कधी ऑपरेशनने प्रेशर आटोक्यात ठेवतात आणि उपचार नीट घेणाऱ्या बहुतेकांची नजर जन्मभर कामापुरती टिकते. बाबांना उशीर झाला कारण त्यांना कुणी आधी सांगणारं नव्हतं. तुला तुझ्या बाबांनी सांगितलंय, त्यांच्या डोळ्यांनी.

तर आता मोहोर यायच्या आधी, हातात वेळ आहे तोवर, एक दिवस काढ. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे, कणकवलीकडे खाजगी डॉक्टर बघ, नाहीतर फोंडा घाटातून कोल्हापूर गाठ, पण जायच्या आधी फोन करून एवढं विचार की फील्ड टेस्टचं, म्हणजे कडेची नजर तपासायचं, मशीन आहे का, कारण ते सगळीकडे नसतं. गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोल, "माझ्या वडिलांना काचबिंदू आहे." डोळे जळतात, अक्षर धूसर दिसतं हे नंतर. नाहीतर ड्रॉप आणि चष्मा घेऊन तू परत येशील.

ते प्रेशर मोजतील. साधारण 10 ते 21 नॉर्मल धरतात, पण आकडा नॉर्मल आला म्हणून लगेच उठू नकोस, नॉर्मल प्रेशरमध्येही काचबिंदू असू शकतो, म्हणून मागची नस बघायला हवी आणि डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन उघडा आहे की अरुंद तेही. फील्ड टेस्टला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवतात, एक डोळा झाकलेला, मधल्या ठिपक्यावर नजर खिळवायची आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. काही उजेड मुद्दामच इतके फिके असतात की कुणालाच दिसत नाहीत, तेव्हा दिसलं नाही म्हणून मध्येच घाबरून जाऊ नकोस. तू घाबरशील हे मला आत्ताच दिसतंय म्हणून आधी सांगून ठेवते. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर चार-सहा तास जवळचं धूसर आणि उन्हात डोळे दिपतात, त्यामुळे स्कूटर नेऊ नकोस, एसटीने जा, गॉगल घे आणि नवऱ्याला बरोबर ने. त्याच दिवशी साखरही तपासून घे, मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो आणि तोही आधी बोंब मारत नाही.

आता तुझी वाळू. ती बहुतेक कोरड्या डोळ्यांची आहे. स्क्रीन बघताना आपण पापण्या निम्म्याहून कमी मिटतो, डोळ्यावरचं पाणी सुकतं, त्यात वरून पंखा तोंडावर. आणि मोबाईल लांब धरावा लागणं ही तर चाळिशी गं, 44 व्या वर्षी सगळ्यांनाच येते, डोळ्यातलं भिंग वयाने ताठ होतं, मोबाईल असो नसो. आपल्या आज्यांनी मोबाईल बघितला नव्हता तरी तांदूळ निवडायला त्यांना चाळिशी लागायचीच ना. नंबरचा चष्मा घे आणि लाव. चष्मा लावला की नंबर वाढतो हे साफ खोटं आहे, त्या समजापायी कित्येक बायका डोकेदुखी अंगावर काढतात, मला फार राग येतो त्याचा.

ब्लू लाईटच्या चष्म्याचं म्हणशील तर 2023 साली कोक्रेन ह्या संस्थेने 17 अभ्यास एकत्र करून तपासले, त्या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही निघालं नाही. आणि मोबाईलमधून येतो त्याच्या कितीतरी पट निळा उजेड आपण दुपारच्या उन्हातून घेतो. पैसे गेले ते गेले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, घाबरलेल्या माणसाला विकणं सोपं असतं.

स्क्रीन कमी कर, जरूर कर, पण सुखासाठी आणि झोपेसाठी, भीतीने नको. धंदा तुझा आहे, तो का सोडायचा? ऑर्डरींना वेळ बांध, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, आणि तसं स्टेटसला टाकून दे, आंब्याचं गिऱ्हाईक तेवढं थांबतं, ते कुठे पळत नाही. अक्षर मोठं कर, सेटिंगमध्ये होतं. पत्ते टाईप करण्यापेक्षा मराठीत बोलून लिहून घे, बरंच बरोबर उमटतं, पिनकोड तेवढा डोळ्यांनी बघ. लांबलचक मेसेज वाचायचे काम मुलाला नाहीतर नवऱ्याला दे. अंधारात मोबाईल नको, दिवा लावून बस. आणि ते वीस-वीसचं, म्हणजे दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघायचं, ते आपल्याइतकं सोपं कुणाला आहे? खळ्यात बस, मोबाईल मांडीवर पालथा घाल आणि माडाच्या शेंड्याकडे बघ, झावळी हलताना मोजून चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिट. तेवढ्याने वाळू उतरते की नाही बघ. नाही उतरली तर डॉक्टर अश्रूंसारखे थेंब देतील.

मेडिकलमधून मात्र स्वतःच्या मनाने ड्रॉप आणू नकोस. डोळे आले की आपल्याकडे शेजारणीची उरलेली बाटली फिरते, तसल्या काही ड्रॉपमध्ये स्टेरॉईड असतं, त्याने डोळा दोन दिवसांत पांढरा स्वच्छ दिसतो आणि बरेच दिवस घालत राहिलं तर प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, तुझ्यासारखीला तर जास्तच. मध, गुलाबपाणी, एरंडेल हेही डोळ्यात नाही.

आणि हे झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं, रात्र असली तरी: डोळा प्रचंड दुखतोय, ओकारी येतेय आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, किंवा अचानक विजा चमकल्यासारखं आणि काळे ठिपके खूप, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं, किंवा एका डोळ्याने दिसणंच गेलं.

नवऱ्याला सांग. त्याला वाटतंय तू धंद्यात लक्ष देत नाहीस, त्याला तो कालनिर्णयासमोरचा हात डोळ्यावर धरलेला तुझा चेहरा माहीतच नाही. कसं सांगायचं ते सुचत नसेल तर मला लिहिलंस तेच पत्र त्याला वाचायला दे. भाऊ-बहीण मुंबईला असतील तर त्यांनाही फोन कर, त्यांनाही तपासणी हवीच, बाप सगळ्यांचा एकच आहे.

आणि बाबा. तू त्यांच्यापासून हे लपवतेस कारण आपल्यामुळे लेकीला आलं असं त्यांना वाटेल, हो ना? पण डॉक्टर विचारतील की वडिलांना कितव्या वर्षी कळलं, कोणते थेंब होते, ऑपरेशन झालं का, प्रेशर किती होतं, आणि हे तुझ्या घरात एकट्या त्यांनाच माहीत आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बस आणि विचार. पहिल्यांदा काय चुकायला लागलं तेही विचार. मग त्यांचे जुने कागद कपाटातून काढ, प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि सकाळी एसटीत स्वतःच्या मांडीवर धर, वरच्या फळीवर टाकू नकोस.